कर्जखतांची वाटणी

माउली, तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकली! पण त्याआधी झालेल्या वाटणीकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

देहूच्या या घराकडे महाजनकी होती, सावकारीही होती. 1630 ते 1632 च्या दुष्काळात व्यापार बसला, दिवाळे निघाले, थोरल्या पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या. तेव्हा येणे माफ करण्याइतके ते घर सुखवस्तू उरले नव्हते. घरात पैशाची गरज होतीच. पण देणेकरीही त्याच दुष्काळातून निघालेले.

परंपरा सांगते, धाकटे बंधू कान्होबा यांनी संसाराची अडचण पुढे केली. तुकोबांनी त्यांना उपदेश केला नाही. कागदांचे दोन भाग केले, अर्धे भावाला दिले आणि आपले अर्धे तेवढे डोहात सोडले. मला बुडवण्यापेक्षा ही वाटणीच अवघड वाटते. भागीदारीच्या दुकानात गरिबाची उधारी सोडताना आपण भागीदाराला विचारतो का, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

आणि ज्यांची खते कान्होबांच्या वाट्याला गेली, त्यांचे देणे मात्र तसेच राहिले.