पुस्तकातली शकुंतला आणि भिंतीवरची शकुंतला

हिंगोलीच्या आमच्या जुन्या घरात, माळवदाच्या खोलीत, एक लाकडी पेटी होती. पंचांगे, पोथ्या आणि जमिनीची उर्दू कागदपत्रे यांच्या तळाशी 'अभिज्ञानशाकुंतला'ची एक प्रत सापडली. वर संस्कृत मूळ, खाली बारीक टायपात राघवभट्टाची टीका. पुठ्ठा गेलेला, मुखपृष्ठ नाही, पहिली काही पानेही नाहीत. त्याच खोलीच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत शकुंतला होती. एक हात सखीच्या खांद्यावर, पाय उचललेला, नजर मागे. पायातला काटा हे निमित्त. पाहायचे आहे दुष्यंताला.

लहानपणी माझी समजूत अशी की हे चित्र त्या पुस्तकातलेच, कुणीतरी फाडून भिंतीवर लावलेले. पुढे लक्षात आले की त्या पुस्तकाला चित्र कधी नव्हतेच. नाटक एका छापखान्यातून आमच्या घरी आले आणि त्याची नायिका दुसऱ्याच छापखान्यातून. या दोन वाटा वेगळ्या कशा झाल्या आणि त्यात शकुंतलेचे काय हरवले, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

'शाकुंतल' प्रथम छापले गेले ते इंग्रजी अनुवादाच्या रूपाने. कोलकात्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांना 'नाटक' म्हणजे नेमके काय हे पंडित राधाकांतांनी समजावून दिले. जोन्सने आधी शब्दाला शब्द ठेवून लॅटिन भाषांतर केले आणि त्यावरून इंग्रजी केले. हे पुस्तक १७८९ साली कोलकात्यात निघाले आणि त्याच्या विक्रीचे पैसे कर्जबाजारी झालेल्यांच्या मदतीसाठी होते. १७९१ साली गेऑर्ग फॉर्स्टरने त्याचे जर्मन भाषांतर केले. ते वाचून गटे किती भारावला, ही कथा आपल्याकडे शाळेपासून सांगितली जाते. मूळ संस्कृत संहिता मात्र १८३० साली पॅरिसमध्ये शेझीने छापली. ती बंगाली पाठपरंपरेची होती. आपल्याकडे रुळलेली देवनागरी परंपरेची संहिता १८४२ साली बॉनहून ब्योटलिंकने काढली. बंगाली पाठात तिसरा अंक बराच लांबतो, देवनागरी पाठात तो आवरता आहे. म्हणजे शकुंतला किती बोलते, हेसुद्धा कोणती पोथी छापखान्यात गेली यावर ठरत होते.

चित्रे आली तीही आधी परदेशी पुस्तकात. मोनियर विल्यम्सचा इंग्रजी अनुवाद १८५५ साली इंग्लंडातल्या हर्टफर्ड गावी स्टीफन ऑस्टिनच्या छापखान्यातून निघाला. रंगीत वेलबुट्टी आणि लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे असलेले हे पुस्तक उघडपणे भेट देण्याच्या थाटाचे होते. ज्याने कधी आश्रम पाहिला नाही, अशा वाचकाला तो दाखवायचा होता. आपल्या वाचकाला ती गरज नव्हती, असे प्रकाशकांनी धरले असावे. परशुरामपंत तात्या गोडबोले यांचे मराठी 'शाकुंतल' १८६१ साली आले, ते वाचायचे नाटक म्हणून. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ साली सुरू झाला. राणोजी रावजी आरू यांनी पाडलेल्या त्यांच्या टायपाची कीर्ती देशभर झाली. राघवभट्टाच्या 'अर्थद्योतनिका' टीकेसह निर्णयसागरने १८८३ साली 'शाकुंतल' काढले. तिथे सगळे सौंदर्य अक्षरांच्या वळणात होते. पान पाहत राहावे असे, पण त्यावर चित्र नाही.

यात एक गंमत आहे. चित्राशिवाय हे नाटक पुढे सरकतच नाही. सहाव्या अंकात अंगठी सापडते, दुष्यंताला सगळे आठवते आणि तो आठवणीतून शकुंतलेचे चित्र काढतो. ते अपुरे आहे. अजून काय काढायचे ते तो विदूषकाला सांगतो: वाळवंटात हंसांची जोडी बसलेली मालिनी नदी, दोन्ही बाजूंना हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्या, तिथे बसलेली हरणे, फांद्यांवर वल्कले वाळत घातलेले झाड, त्याखाली काळविटाच्या शिंगावर डावा डोळा खाजवणारी हरिणी. मग आठवते की कानावरचे शिरीषाचे फूल राहिले, गळ्यातला कमळतंतूंचा हार राहिला. चित्राच्या कडेला घामेजलेल्या बोटांचे डाग आहेत आणि गालावर आसू पडून रंग उसळला आहे. चित्रकाराला इतक्या बारीक सूचना देणारा नाटककार विरळाच. निर्णयसागरने त्या सूचना बिनचूक छापल्या. त्या अमलात आणणे हे आपले काम नाही, असेच जणू मानले.

ते काम रविवर्म्याने केले, मात्र वेगळ्या रीतीने. त्याच्या 'शकुंतला पत्रलेखन' या चित्राला १८७६ साली मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि ते तिथल्या गव्हर्नरने, ड्यूक ऑफ बकिंगहॅमने, विकत घेतले. मोनियर विल्यम्सने आपल्या अनुवादाच्या पुढच्या एका आवृत्तीच्या आरंभी हेच चित्र घातले. म्हणजे भारतीय चित्रकाराची शकुंतला पुस्तकात शिरली, पण इंग्रजी पुस्तकात. १८९४ साली मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला. तिथे पहिल्यांदा छापले गेलेले चित्र 'शकुंतला जन्म' हे होते. एकेका रंगासाठी वेगळा शिळाठसा, एकावर एक अचूक बसवलेला. वर तैलचित्रासारखी चमक. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. ज्या घरात संस्कृतचे एक अक्षर कुणाला वाचता येत नव्हते, तिथेही आता शकुंतला पोचली.

पण ती कोणती शकुंतला? भिंतीवरच्या चित्राचा प्रसंग पाहा. तो दुसऱ्या अंकात दुष्यंताच्या तोंडून येतो. दर्भ बोचल्याचे सांगून ती उगाच थांबली आणि झाडात अडकले नसतानाही वल्कल सोडवत तोंड वळवून उभी राहिली, असे तो विदूषकाला सांगतो. श्लोकात वल्कल आहे, चित्रात साडी. श्लोकात हे सगळे प्रेमात पडलेल्या एका पुरुषाच्या सांगण्यातून कळते. तिच्या मनात तेच होते की हा त्याचा भास, हे ठरवायला श्लोक जागा ठेवतो. चित्र ती जागा ठेवत नाही. ते दुष्यंताची साक्ष खरी मानून मोकळे होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. घराघरांत गेलेल्या चित्रांमधले प्रसंग ओळीने मांडून पाहावेत: मेनकेची मुलगी म्हणून तिचा जन्म, कमळाच्या पानावर पत्र लिहिणे, काट्याच्या निमित्ताने वळून पाहणे. जन्माची हकिगत पहिल्या अंकात सांगितली जाते, बाकीचे दोन्ही प्रसंग पहिल्या तीन अंकांतले. पाचवा अंक यात नाही. त्या अंकात गरोदर शकुंतला भर दरबारात उभी राहते. पुरावा म्हणून दाखवायला अंगठी नाही. राजा स्त्रियांच्या उपजत कावेबाजपणावर टोमणा मारतो आणि ती त्याला तोंडावर 'अनार्य' म्हणते. संस्कृत रंगभूमीवर सिंहासनासमोर असे बोलणाऱ्या नायिका फार नाहीत. दिवाणखान्यात टांगावे असे मात्र हे चित्र कुणाला वाटले नाही. निदान जुन्या घरांतल्या भिंतींवर मला ते कधी दिसले नाही.

मराठी रंगभूमीचा आरंभही याला जुळणारा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, दिवाळीच्या तोंडावर, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग केला. त्या रात्री पहिले चारच अंक झाले. पडदा पडला तेव्हा शकुंतला सासरी निघालेली होती. साकी-दिंडीच्या ओळखीच्या चालींत प्रेक्षकांनी कन्येची पाठवणी ऐकली, डोळे पुसले आणि ते घरी गेले. दरबारातला अपमान आणि तिचे उत्तर नंतरच्या प्रयोगांना आले. १९०५ साली मिरजेला बालगंधर्वांनी शकुंतला म्हणूनच किर्लोस्कर मंडळीत पदार्पण केले. तोवर नायिकेची साडी, मान वेळावणे, लाजणे याबद्दल प्रेक्षकांच्या मनात एक चित्र पक्के बसले होते. रंगमंचाने रविवर्म्याकडून घेतले की रविवर्म्याने रंगमंचाकडून, हा वाद मिटणारा नाही. देणेघेणे दोन्हीकडून झाले असणार. पाचव्या अंकाच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही, एवढे खरे.

म्हणून ती बिनचित्रांची पुस्तके मोलाची वाटतात. सातही अंक, कुठलाही न वगळता, त्यांनी सांभाळले. आमच्या पेटीतल्या प्रतीत पाचव्या अंकाच्या पानांवर कडेला बोटांचे मळके ठसे इतर पानांपेक्षा जास्त आहेत. ते कोणाचे, हे आज सांगता येणार नाही. निजामी राजवटीत, जिथे कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत चालत होते, तिथे कुणीतरी हे पुस्तक मुंबईहून मागवले आणि ते पाचव्या अंकापाशी पुन्हा पुन्हा थांबले, एवढे ठसे सांगतात. घामेजल्या बोटांचा दुष्यंताच्या चित्रावरचा डाग मला तिथे आठवतो.

जुन्या पुस्तकाचे पहिले पान आधी गळते. छापखाना, साल, किंमत, आवृत्ती हे सारे त्याच पानावर असते. ते गेले की पुस्तकाची स्थिती दरबारात उभ्या शकुंतलेसारखी होते: ओळख खरी, पण पटवून देणारी अंगठी हरवलेली. मग रद्दीवाला त्याला वजनावर घेतो. चित्रांचे नशीबही वेगळे नाही. मळवलीच्या छापखान्याला १९७२ साली आग लागली आणि उरलेसुरले बरेच काही तिथे संपले. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा इथल्या जुन्या घरांच्या पेट्या अजून पुरत्या रिकाम्या झालेल्या नाहीत. त्यातले एखादे 'शाकुंतल' हाती आले तर पहिले पान शाबूत आहे का ते आधी पाहावे. असेल तर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. नसेल तर पाचवा अंक उघडून कडा पाहाव्यात.

आमच्या घरातले चित्र आता माझ्या टेबलासमोर आहे. ती अजून मागे वळून पाहते. त्याखाली मी ते पुस्तक ठेवले आहे, दरबाराचे पान उघडे ठेवून.