राहेरीचा पूल

खडकपूर्णा नदीवर वरच्या अंगाला, देऊळगाव राजा तालुक्यात, मोठं धरण आहे. त्याच्या जलाशयाचं नाव संत चोखासागर. चोखोबांचा जन्म इथल्याच मेहुणा राजाचा, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या मानतात. ज्याला पंढरपुरात देवळाच्या पायरीपाशीच थांबावं लागलं, त्याचं नाव एवढ्या पाण्याला देताना कुणी हरकत घेतल्याचं माझ्या तरी कानावर नाही. तीच नदी खाली उतरून सिंदखेड राजा तालुक्यात आली की राहेरीचा पूल लागतो. नागपूर-औरंगाबाद रस्त्यावरचा. (शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, पण गोष्ट तेव्हाची आहे, म्हणून औरंगाबादच लिहितो.) या पुलावर 27 नोव्हेंबर 1979 ला माणसं अडवली गेली, तीही एका नावासाठी निघालेली.

आजीचं माहेर या पुलाच्या अल्याडच्या शिवारात. भावजयीच्या बाळंतपणाला म्हणून ती तेव्हा तिथं गेली होती. कापूस वेचणीचे दिवस, रात्री थंडी पडायला लागलेली. ती सांगायची, "नागपूरचे लोक पायी येऊन राह्यले, हे दोन दिस आधीच समजलं व्हतं. बायाबी व्हत्या. कडेवर लेकरं, पायाले चिंध्या बांधेल. बौद्धपुऱ्यातल्या बायांनी चून-भाकरी करून ठिवल्या. मंग पोलिसाच्या गाड्याच गाड्या. कोन जाऊ देते पुलाकडं?" भाकरींचं काय झालं, हे ती प्रत्येक वेळी वेगळं सांगे. कधी म्हणे गुरांना घातल्या, कधी म्हणे पहाटे पोरं नदीच्या पात्रातून घेऊन गेली.

हा लाँग मार्च प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली 11 नोव्हेंबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघाला होता. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्या, एवढीच मागणी. ती काही विधिमंडळाला नवी नव्हती. 27 जुलै 1978 ला दोन्ही सभागृहांनी तसा ठराव मंजूर केलाच होता, शरद पवार पहिल्यांदा मुख्यमंत्री होऊन नऊ दिवस झाले असताना. ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांत दलितांची घरं जाळली, माणसं मारली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचं नाव तेव्हापासून लोकांच्या तोंडी राहिलं. सरकारनं ठराव बासनात बांधला. सव्वा वर्ष वाट पाहून लोक चालत निघाले, तेव्हा पुलावर पोलीस उभे करणारं सरकार तेच होतं, ज्यानं ठराव केला होता. लाठ्या चालल्या, अटका झाल्या, औरंगाबाद लांबच राहिलं.

जालना तेव्हा जिल्हासुद्धा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. आमच्या गावापासून सीमा जवळच. आम्ही वऱ्हाडातले, आमची कॉलेजं तेव्हा नागपूर विद्यापीठाखाली, म्हणून ही आग आमची नाही असं गावातली मोठी माणसं म्हणायची. पण 78 च्या ऑगस्टात बौद्धपुऱ्यात जालन्याकडची सोयरी येऊन राहिली. पाहुणे म्हणावं तर हातात गाठोडी होती आणि परतायचा दिवस ठरलेला नव्हता. पेरण्या आटोपलेल्या, निंदणाची घाई, आणि हे पाहुणे कुणाच्या ना कुणाच्या वावरात रोजानं जायला लागले. आजोबांनी चार जणांना आमच्या वावरात घेतलं. मजुरी चालू दरानं दिली, हे ते पुढे फार मोठेपणानं सांगत. चालू दर देणं हा मोठेपणा कसा, हे त्यांना विचारायची प्राज्ञा आमच्या घरात कुणाची नव्हती.

माझे धाकटे काका त्या वर्षी औरंगाबादला शिकत होते. नागपूर लांब, औरंगाबाद जवळ, म्हणून तिकडे. आणि ते नामांतराच्या विरोधात होते, ही गोष्ट घरात कधी लपवली गेली नाही. त्यांच्या खोलीत सगळेच विरोधात होते. त्यांचं म्हणणं मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. मराठवाडा निजामाच्या हाताखाली पिचला, 17 सप्टेंबर 1948 ला सुटला, विद्यापीठ मिळायला 1958 उजाडलं. 1974 मध्ये विकासाच्या आंदोलनात वसमतला गोळीबार झाला, पोरं मेली. एवढ्या कष्टानं मिळालेल्या विद्यापीठावरचं मराठवाड्याचं नाव का पुसायचं? आम्हाला रेल्वे द्या, नोकऱ्या द्या, नाव कशाला? हे काही फक्त टारगट पोरांचं म्हणणं नव्हतं. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारखे मुक्तिसंग्रामातले, मान असलेले लोक विरोधात होते. प्रदेशाचा अपमान होतो ही भावना खोटी होती असं मला वाटत नाही.

पण त्यात एक गोम आहे आणि काका तिच्यावरून नेहमी उडी मारून पुढे जातात. विद्यापीठ व्हायच्या आठ वर्षं आधी, 1950 मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं. तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यात तेव्हा पदवीपर्यंत शिकायची सोय किती होती? तिथं फक्त दलितांची पोरं शिकली असंही नाही. आमच्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्यांची, ज्यांना पुण्या-हैदराबादला पाठवणं जमणारं नव्हतं, तीही शिकली. म्हणजे विद्येच्या बाबतीत मराठवाड्याची अस्मिता ज्यानं आधी उभी केली, त्याच्याच नावानं ती पुसली जाईल, असा हा युक्तिवाद होता.

आणि बोलण्याचं म्हणाल, तर काकांना कुणी बोलू दिलं नाही असं झालं नाही. त्यांच्या बाजूनं अग्रलेख होते, मोर्चे होते, बंद होते. एस.टी. बंद, बाजार बंद, कॉलेज बंद. नाव नको म्हणणं हा हक्कच आहे, तो मी मान्य करतो. घर जाळणं म्हणजे बोलणं नव्हे, हे काकाही मान्य करतात, आणि जाळणारे आम्ही नव्हतो हे लगेच जोडतात. बरं. पण पुलाच्या या बाजूला ज्यांच्याकडे वर्तमानपत्र नव्हतं, कार्यकारिणी नव्हती, बंद पाळायला दुकान नव्हतं, त्यांच्याकडे बोलायला पायच होते. अडवले गेले ते तेवढेच.

जगात हे पुन्हा पुन्हा घडताना दिसतं. केप टाऊनच्या विद्यापीठात 2015 मध्ये विद्यार्थ्यांनी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा हटवायला लावला. प्रिन्स्टननं 2020 मध्ये वुड्रो विल्सनचं नाव आपल्या एका संस्थेवरून काढलं. तिथंही इतिहास पुसला जातो म्हणणारे होते आणि फीचं बोला, पुतळ्याचं काय, असं म्हणणारेही. फरक एवढाच की तिकडे नाव काढा म्हणत होते, आपल्याकडे द्या म्हणत होते. दुसऱ्यानं काय मागावं हे आपण ठरवायची हौस दोन्हीकडे सारखी.

1993 च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतर 14 जानेवारी 1994 ला नाव मिळालं, आणि मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच. पण नामांतर नाही, नामविस्तार. मराठवाडा शब्द राहिला, बाबासाहेब त्याच्या आधी आले. त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ होऊन जुन्याची हद्दही आक्रसली. 2005 मध्ये नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं आणि अमरावतीला गाडगेबाबांचं नाव दिलं गेलं. दोघेही आमच्या विदर्भाचे, आनंदच आहे. पण विदर्भाची अस्मिता तेव्हा कुणाला आठवली नाही, कुठं एक झोपडी पेटली नाही.

आता आमच्या रस्त्यावर जानेवारीत दोनदा गर्दी होते. 12 तारखेला जिजाऊंच्या जयंतीला सिंदखेड राजात, आणि दोनच दिवसांनी विद्यापीठाच्या गेटकडे जाणाऱ्या निळ्या झेंड्यांच्या गाड्या. काही पुस्तकवाले दोन्हीकडे दुकान मांडतात.

बौद्धपुऱ्यातले एक आबा त्या वेळी विशीत होते. मोर्चाला मिळायला गेले आणि पोलिसांच्या गाडीत बसले. अलीकडे ते आणि काका पारावर बरोबर बसतात, गुडघे दोघांचेही गेलेत. परवा काकांनी नेहमीचं काढलं, "नाव मिळालं ना आबा, पुढं झालं काय?"

आबा म्हणाले, "नावात काई नव्हतं तं सोळा वर्सं देऊ काहून नाई देल्लं? काई असन तवाच ना?"

"तेव्हाचं वातावरणच तसं होतं," काका म्हणाले.

"ते कोनं केलं व्हतं?"