उदेभानाचा चेहरा

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट तयार होत होता, तेव्हा तानाजी मालुसऱ्यांच्या मामांच्या, शेलारमामांच्या भूमिकेसाठी बाबूराव पेंटरांनी एकवीस वर्षांचा एक पोरगा उभा केला. पोवाड्यातले शेलारमामा ऐंशी वर्षांचे. एवढं म्हातारपण त्या कोवळ्या चेहऱ्यावर रंगभूषेने चढवायचं होतं. पोराचं नाव शांताराम वणकुद्रे. पुढे दहा वर्षांनी, १९३३मध्ये, त्यानेच ‘प्रभात’साठी हाच सिंहगड बोलपटातून पुन्हा सर केला. तेव्हा तो व्ही. शांताराम झाला होता.

पेंटरांच्या ‘सिंहगड’मध्ये तानाजी झाले होते बाळासाहेब यादव आणि शिवराय खुद्द पेंटर. चित्रण बाहेर, उघड्यावर, मोठा जमाव घेऊन झालं. चांदणं आणि धुकं दाखवण्यासाठी पेंटरांनी कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला. हिंदुस्थानातल्या सिनेमात हे नवं होतं. तानाजीने गड घेतला ती लढाई मुळात रात्रीची, तेव्हा अंधार पडद्यावर कसा दिसणार हा प्रश्न त्यांना टाळता येणारच नव्हता. चित्रकार माणूस, त्याने तो चित्रकारासारखा सोडवला.

त्या रात्री प्रत्यक्षात काय घडलं? जून १६६५मध्ये पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांकडे गेले, त्यांत कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, होता. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री तो परत घेतला गेला. या लढाईची जुनी आणि बरीचशी संयमित हकिगत कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत सापडते. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून ती लिहिली गेली. (ते राजाराम महाराज १७०० साली याच सिंहगडावर वारले. त्यांची समाधी गडावर आहे.) सभासद सांगतो ते असं. दोन निवडक मावळे माकडांच्या चपळाईने कडा चढून गेले, त्यांनी इतरांसाठी वाट केली आणि तीनशे माणूस वर पोचलं. किल्ल्यावर उदेभान नावाचा रजपूत होता. तानाजी आणि तो समोरासमोर आले. तानाजीच्या हातातली ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार झेलत राहिला. शेवटी दोघेही पडले. मग तानाजीचा भाऊ सूर्याजी याने माणसं सावरून गड घेतला आणि पागेची खोपटं पेटवली. तो उजेड राजगडावरून दिसला.

कड्यावर चढवलेली घोरपड या हकिगतीत नाही. शेलारमामा नाहीत. तानाजीच्या मुलाचं, रायबाचं लग्नही नाही. गड आला पण सिंह गेला, म्हणून नाव सिंहगड पडलं ही गोष्ट मराठी घरात लहानपणीच कानावर येते, पण सभासदाकडे सिंहाचा उल्लेख नाही. एक गड घेतला आणि एक गड गेला, असा आशय तिथे आहे. शिवाय सिंहगड हे नाव त्या रात्रीच्या आधीचं. १६६३ सालच्या शिवरायांच्या पत्रात ते आलेलं आहे.

मग बाकीचं आलं कुठून? बरंचसं तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१मध्ये ऐतिहासिक पोवाडे छापले, तेव्हा हा पोवाडा पुस्तकात आला. त्याआधी तो डफ-तुणतुण्यावर गावोगाव फिरतच होता. जिजाऊ शिवरायांशी सोंगट्यांचा डाव मांडतात आणि जिंकल्यावर कोंढाणा मागतात, उमरठ्याला रायबाच्या लग्नाची गडबड चालू असते, यशवंती घोरपड कड्याला चिकटते, हे सगळं पोवाड्यातलं. उदेभानही तिथे वेगळाच माणूस होऊन भेटतो. त्याला अठरा बायका आणि बारा मुलगे आहेत, चंद्रावळी हत्ती आणि सिद्दी हिलाल त्याच्या दिमतीला आहेत, आणि एकेका जेवणाला तो अख्खी जनावरं फस्त करतो. रात्रभर समोर बसलेल्या श्रोत्यांना नायक मोठा वाटायचा तर खलनायक डोंगराएवढा लागतो, ही शाहिराची गरज. ती समजून घेता येते.

हरि नारायण आपट्यांनी १९०३मध्ये ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली आणि उदेभानाच्या पदरात आणखी एक पाप घातलं. कमलकुमारी नावाची रजपूत स्त्री, तिच्यावरचा उदेभानाचा जुलूम आणि तिच्यासाठी झुरणारं माणूस असं नवं कथानक त्यांनी लढाईभोवती विणलं. पेंटरांनी ‘सिंहगड’साठी आधार घेतला तो याच कादंबरीचा. मराठी युद्धपटाच्या पायात बखरीचा दगड बसलाच नाही. पोवाडा आणि कादंबरी यांच्यावरच इमारत चढली, आणि पुढे शंभर वर्षं मजले वाढत गेले.

ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ १० जानेवारी २०२०ला आला. तो अजय देवगण यांचा शंभरावा चित्रपट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यांतला एक वेशभूषेसाठी होता. वेशभूषेवर कष्ट घेतले गेले हे पडद्यावर दिसतं. पण सैफ अली खान यांचा उदेभान पाहिला की तुळशीदासाची आठवण येते. काळे कपडे, विक्षिप्त हसू, क्रूरपणाची चटक, आणि भाजलेल्या मगरीचं मांस खाणं. एकेका जेवणाला जनावरं फस्त करणारा पोवाड्यातला तो राक्षस संगणकाच्या काळातही उपाशी नव्हता! कमलकुमारीही कमलादेवी होऊन आली. ‘नागीण’ नावाची अजस्र तोफ मात्र या चित्रपटाची स्वतःची. चित्रपट गाजत असतानाच सैफ अली खान यांनी एका मुलाखतीत सांगितलं की, यात दाखवलंय तो इतिहास आहे असं आपल्याला वाटत नाही. भूमिका करणाऱ्याने एवढं उघड बोलावं, याचं मोल मोठं आहे.

शिवरायांच्या भूमिकेची गोष्ट आणखी नाजूक. १६६४च्या सुरतेच्या लुटीच्या वेळी तिथे असलेल्या एस्कॅलिऑट या इंग्रज पाद्र्याने, महाराजांना पाहिलेल्यांकडून ऐकून, त्यांचं वर्णन लिहून ठेवलं. मध्यम उंची, ताठ आणि प्रमाणबद्ध अंगकाठी, बोलताना हसरा चेहरा, तीक्ष्ण नजर, इतरांहून उजळ वर्ण. चेहऱ्याचाही घोटाळा बराच काळ चालला. इब्राहिम खान नावाच्या सरदाराचं चित्र शिवरायांचं म्हणून वर्षानुवर्षं छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३मध्ये अस्सल डच चित्र महाराष्ट्रापुढे ठेवलं, तेव्हा तो घोटाळा मिटला. म्हणजे पेंटर १९२३मध्ये आणि शांताराम १९३०च्या ‘उदयकाल’मध्ये शिवराय झाले, तेव्हा खरा चेहरा कुणासमोर नव्हताच. भालजी पेंढारकरांच्या १९५२च्या ‘छत्रपती शिवाजी’मध्ये चंद्रकांत मांढरे उभे राहिले आणि एका पिढीच्या डोळ्यांत तोच चेहरा बसला. ‘तान्हाजी’तले शरद केळकर उंचेपुरे, भारदस्त. प्रेक्षकाने त्यांना मनापासून स्वीकारलं. पण एस्कॅलिऑटने लिहून ठेवलेला शिवाजीराजा मध्यम उंचीचा. वास्तविक ती मध्यम उंची आणि बोलतानाचं ते हसू हीच नटाला हाती धरायला मिळालेली किती दुर्मीळ माहिती आहे!

मराठीत दिग्पाल लांजेकरांच्या चित्रपटमालिकेत फेब्रुवारी २०२२च्या ‘पावनखिंड’मध्ये अजय पुरकर बाजीप्रभू झाले आणि ऑगस्ट २०२३च्या ‘सुभेदार’मध्ये तानाजी. दीड वर्षात एकाच नटाने दोन वीरांचं मरण पडद्यावर साकारलं. पुरकरांच्या ताकदीबद्दल शंका नाही. पण बाजीप्रभू देशपांडे आणि तानाजी मालुसरे ही वेगळ्या घरांतली, वेगळ्या स्वभावाची माणसं. एकाच चेहऱ्यामुळे ती प्रेक्षकाच्या मनात एकमेकांत मिसळतात. पन्नास वर्षांनी एखाद्या मुलाला ती वेगळी करून सांगावी लागतील.

सर्वांत मोठी किंमत मात्र उदेभानानेच मोजली. सभासदाने त्याला शिवी दिलेली नाही. दोघे मोठे योद्धे समोरासमोर आले आणि दोघेही पडले, असं तो सांगतो. ढाल तुटलेल्या हातावर वार झेलणारा तानाजी मोठा आहे तो समोरचाही तेवढाच तोलाचा होता म्हणून. मोगलांच्या चाकरीतला एक रजपूत किल्लेदार, मध्यरात्री गडावर शत्रू चढला म्हणून तलवार घेऊन बाहेर पडला आणि गड राखताना मेला. या माणसाला मगर खायला लावली की तानाजीचा तो शेवटचा झगडा एका वेड्याला मारण्याइतका लहान होतो. पटकथा लिहिणाऱ्याच्या हाताशी बखर असते. तिच्यातली ही बरोबरीची लढत एकदा तरी कुणी पडद्यावर आणायला हवी.

सिंहगडावर अमृतेश्वराच्या देवळाजवळ तानाजीचं स्मारक आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे मुलांची रांग लागते, ती अर्धपुतळ्यापुढे हात जोडतात आणि आईबाप त्यांचे फोटो काढतात. तिथून कल्याण दरवाजाकडे गेलं, की दरवाजाच्या मागच्या बाजूला चढावर एक चौकोनी दगड दिसतो. ते उदेभान राठोडाचं स्मारकचिन्ह. ज्या गडाने तानाजीला डोक्यावर घेतलं, त्याच गडाने हा दगडही जागेवर ठेवला आहे.