ई-फेरफार प्रणालीची वापरसुलभता

ई-फेरफार ही महाराष्ट्रातील गावपातळीवरील जमीन अभिलेख ठेवण्याची व अद्ययावत करण्याची ब्राउझरवर चालणारी प्रशासकीय प्रणाली आहे. पुणे येथील जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ती विकसित केली. तलाठी (२०२४ पासून पदनाम ग्राम महसूल अधिकारी), मंडळ अधिकारी व तहसीलदार हे तिचे प्रमुख वापरकर्ते होत. प्रत्येकाला स्वतंत्र प्रवेश व स्वतंत्र अधिकार असतात. खातेदार मात्र या प्रणालीचे फलित पाहतो, ते गाव नमुना ७, १२ आणि ८अ यांच्या रूपाने. पीककर्ज, खरेदी-विक्री, वारसा आणि न्यायालयीन वाद या सर्वांत हेच उतारे पुढे करावे लागतात. त्यामुळे पडद्यावरील एखादा रकाना संदिग्ध असेल, तर त्याची झळ थेट खातेदाराला बसते.

कामाचा क्रम

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ व १५० मध्ये फेरफाराची रीत सांगितली आहे. वर्दी मिळाल्यावर तलाठी फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस देतो आणि हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. संगणकीय प्रणालीने हा क्रम बदलला नाही, तो पडद्यावर आणला. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेल्या दस्ताची माहिती आय-सरिता प्रणालीतून पुढे येते. त्यामुळे तीच नावे व तेच क्षेत्र पुन्हा टंकित करण्याचे काम घटते. तलाठ्याच्या हातून होणाऱ्या लेखनचुका टाळण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.

हस्तलिखित उताऱ्यांवरून माहिती भरताना अनेक चुका संगणकात गेल्या होत्या. त्या शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेण्यात आले. संगणकातील सातबारा ग्रामस्थांसमोर वाचून मूळ उताऱ्याशी ताडून पाहण्याची ही रीत होती. दुरुस्तीसाठी प्रणालीत ‘एडिट’ व ‘री-एडिट’ या सुविधा देण्यात आल्या. त्यानंतरची लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ खालील आदेशानेच होऊ शकते. कोणाही कर्मचाऱ्याला एका कळीने हक्कनोंद बदलता येऊ नये, हा यामागचा हेतू आहे. येथे सुलभता मुद्दाम मर्यादित ठेवलेली आहे आणि ते योग्यच म्हटले पाहिजे.

उताऱ्याच्या रचनेतील बदल

वापरसुलभतेच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय सुधारणा सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या सातबाराच्या नव्या नमुन्यात दिसते. पूर्वी कमी केलेले नाव किंवा बोजा कंसात दाखवला जाई. महसूल खात्यातील माणसाला ‘कंस केला’ म्हणजे नोंद रद्द झाली, हे ठाऊक असे. सामान्य वाचकाला मात्र कंसातील मजकूर अधिक स्पष्टीकरणाचा वाटतो. त्यामुळे मयत किंवा जमीन विकलेली व्यक्ती अद्याप मालकच आहे, असा समज होऊ शकत असे. नव्या नमुन्यात अशा नोंदीवर आडवी रेघ येते. दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेघ, नावाजवळच खाते क्रमांक, लागवडयोग्य व पोटखराब क्षेत्राची एकूण बेरीज, शेवटचा फेरफार क्रमांक व त्याचा दिनांक, तसेच प्रलंबित फेरफाराचा उल्लेख, हे बदलही त्याच वेळी झाले. बिगरशेती जमिनीच्या उताऱ्यावर पिकांच्या गाव नमुना १२ ची आवश्यकता नसल्याची सूचना येऊ लागली.

गावाच्या नावासोबत संकेतांक छापण्याचे महत्त्व काष्टी या गावावरून कळते. श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध गाव दौंड-मनमाड लोहमार्गावर असून ते अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात येते. काष्टी नावाचे दुसरे गाव नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात आहे. दोन्ही गावे महसुली नाशिक विभागातच येतात. नाव सारखे असले तरी संकेतांक वेगळा असल्याने कागदावर घोटाळा होत नाही.

नागरिकांसाठीची पाने

महाभूलेख संकेतस्थळाच्या पूर्वीच्या रचनेत उतारा पाहण्यासाठी प्रथम विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी गट क्रमांक किंवा नाव निवडावे लागत असे. ही उतरंड प्रशासनाच्या रचनेप्रमाणे होती, नागरिकाच्या विचाराप्रमाणे नव्हती. श्रीगोंद्याचे काष्टी पुणे जिल्ह्यातील दौंडच्या शेजारचे. तेथील शेतकऱ्याच्या मनात पुणे असले, तरी त्याला ‘नाशिक’ निवडल्याशिवाय आपले गाव सापडत नसे. नावाने शोधतानाही अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घाचे लेखनभेद आड येतात, म्हणून गट क्रमांक माहीत असणे बरे. येथे विनामूल्य दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपये भरून स्वतंत्र संकेतस्थळावरून मिळतो व त्यावरील क्रमांकावरून त्याची पडताळणी करता येते.

‘आपली चावडी’ या पानावर गावातील फेरफारांच्या नोटिसा दिसतात. आपल्या जमिनीवर कोणती नोंद धरली आहे, तिला हरकत घेण्याची मुदत कधी संपते, हे पुण्या-मुंबईत राहणाऱ्या वारसालाही समजू शकते. संगणकतज्ज्ञ याकोब निल्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या दहा तत्त्वांपैकी पहिले तत्त्व, प्रणालीची सद्यःस्थिती वापरकर्त्याला सतत दिसली पाहिजे, येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते.

‘ई-हक्क’ द्वारे वारस नोंद, बोजा चढवणे किंवा उतरवणे, अपाक शेरा कमी करणे आदींसाठी घरूनच अर्ज करता येतो. मात्र ‘अपाक’ (अज्ञान पालनकर्ता) किंवा ‘एकुमॅ’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) ही संक्षिप्त रूपे जुन्या दप्तरातून जशीच्या तशी आली आहेत. सज्ञान होऊन वीस वर्षे उलटलेल्या खातेदाराच्या नावापुढे ‘अपाक’ शेरा राहिला, तर जमिनीचा व्यवहार करताना त्याला अडथळा येतो. तो काढायचा कसा हे कळण्यासाठी आधी त्या तीन अक्षरांचा अर्थ कळावा लागतो.

पीक पाहणी

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत गाव नमुना १२ मधील पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवरून करू लागला. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूपासून छायाचित्र घेण्याच्या जागेचे अंतर दाखवण्याची आणि स्वतः केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय आली. या दोन दिवसांच्या मुभेमुळे चुकून कांद्याऐवजी ऊस निवडणाऱ्या शेतकऱ्याला लगेच तलाठी कार्यालय गाठावे लागत नाही.