शिंगराचे वय
काचेच्या जुन्या प्राण्यांचे वय आकारावरून सांगण्याची सवय संग्राहकांना असते, विक्रेत्यांना तर जरा जास्तच. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या काचकारखान्यांचा इतिहास पाहिला की ही सवय सोडावी लागते. न्यूअर्क गावातल्या हाइजी कंपनीची शिंगरे घ्या: एक शांत उभे, एक लाथ झाडणारे, एक पाय रोवून अडलेले. 1896 पासून चालू असलेला हा कारखाना 1957 च्या अखेरीस बंद पडला. साचे मात्र धातूचे, ते कुठे जाणार? 1958 मध्ये बेलेअरच्या इम्पीरियल कंपनीने ते विकत घेतले आणि पुढे तीच शिंगरे नव्या काचेत बाहेर पडू लागली. 1984 मध्ये इम्पीरियललाही टाळे लागले. दुसऱ्याच वर्षी हाइजी-संग्राहकांच्या संस्थेने ते साचे मिळवले. म्हणजे शिंगराची मान, आयाळ, खूर पाहून साचा कोणाचा एवढे कळते. काच त्यात कधी दाबली, हे त्यावरून कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग शिक्का पाहावा. पाहावाच, पण त्याची साक्ष किती दूर जाते हेही तपासावे. चौकटीतला ‘एच’ ही हाइजीची खूण, पण तिच्या बहुतेक प्राण्यांवर ती नाहीच. तेव्हा शिक्का नाही म्हणून वस्तू नकली, हा तर्क टिकत नाही. इम्पीरियलने 1951 पासून ‘आयजी’ वापरले. 1973 पासून लेनॉक्सच्या मालकीचा ‘एल’ त्याला जोडला गेला, 1981 मध्ये मालक बदलल्यावर पुढे ‘ए’ आला. कारखान्याची फरफट अशी शिंगराच्या अंगावर वाचता येते! तरी ‘एलआयजी’ एवढेच सांगते की वस्तू 1973 च्या आधीची नाही. साच्यातली अक्षरे कोणी वेळेवर बदलली नसतील, तर ती नंतरचीही असू शकते. शिवाय काचेवरची उठावाची अक्षरे घासून काढता येतात. जिथे अक्षरे होती तिथली काच आसपासच्या भागाहून सपाट किंवा किंचित धुरकट दिसली, तर शंका घ्यायला जागा आहे.

रंगाची साक्ष मला अधिक भरवशाची वाटते. हाइजीचे प्राणी मुख्यतः रंगहीन काचेचे, रंगीत अगदी थोडे. तपकिरीत पांढऱ्या लाटा मिसळलेले शिंगरू दिसले की ते इम्पीरियलच्या काळातले. अतिनील दिव्याखाली हिरवी चमकणारी युरेनियमची काच मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे, कारण केंब्रिज गावच्या बॉइड कारखान्याने 1978 नंतरही तशी काच वितळवली. बॉइडने निदान ग्राहकाची सोय पाहिली: चौकटीतल्या ‘बी’भोवती दर पाच वर्षांनी एक रेघ वाढवत नेली. बुडावरचे ओरखडेही तपासावेत. वर्षानुवर्षे फळीवर सरकवलेल्या वस्तूचे ओरखडे हव्या त्या दिशेला, कमीअधिक खोल असतात. ते सारखे आणि समांतर असतील तर तिथे पॉलिश पेपर फिरला असावा.

उरते ते शिक्का नसलेले, रंगहीन शिंगरू. तिथे रंग काही बोलत नाही, आकार अर्धेच बोलतो. त्याच्या चिठ्ठीवर ‘हाइजीचा साचा’ लिहावे आणि वर्षाची जागा कोरी ठेवावी. किंमतही त्याच मानाने द्यावी.