जुन्या नाण्यांचे दुकान पारखताना

जळगाव - सोने घ्यावे तर जळगावात, अशी खानदेशातीलच नव्हे, तर बाहेरगावच्या ग्राहकांचीही समजूत आहे. लग्नसराईत सुभाष चौक परिसरात पाय ठेवायला जागा नसते, ती त्यामुळेच. सोन्याची पारख करणाऱ्या या गावात जुन्या नाण्याची पारख करणारे दुकान मात्र शोधावे लागते. आजीच्या पेटीत निघालेला राणीछाप रुपया विकावा की ठेवावा, मुलाला नाण्यांचा छंद लागला तर पहिली खरेदी कोठून करावी, हे प्रश्न जळगावात पडतात तसेच धुळ्यातही पडतात. मोबाईलवर त्यांची उत्तरे पुष्कळ मिळतात. पण नाणे हातात घेता येत नाही, तोलता येत नाही, कडा भिंगाखाली पाहता येत नाही. या तिन्ही गोष्टी ज्याच्या काउंटरवर करता येतात, तो दुकानदार कसा ओळखावा, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

शोधाची सुरवात सराफ बाजारापासूनच करावी लागते. जळगावात सुभाष चौकाचा भाग, धुळ्यात आग्रा रोड आणि पाचकंदीलचा परिसर. जुने चांदीचे नाणे घराबाहेर पडते ते बहुधा मोड म्हणून, आणि मोड येते सराफाकडे. काही सराफ मोडीत आलेली नाणी वेगळी काढून ठेवतात, संग्राहकांना कळवतात. काही जण ती सरळ आटणीला पाठवतात. पहिल्या प्रकारच्या सराफाशी ओळख होणे ही संग्राहकाची निम्मी कमाई समजावी.

काट्यावर सगळे रुपये सारखेच

मोडीचा व्यवहार सरळ असतो. वजन करायचे, घट धरायची, त्या दिवसाचा चांदीचा भाव लावायचा. त्यात गैर काही नाही. ब्रिटिश अमलातील चांदीचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा होता. जुना तोळा तो हाच, आणि 'रुपयाभार' हे मापही त्यावरूनच आलेले. त्यात चांदी ९१.७ टक्के. म्हणजे न झिजलेल्या एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९४० ते १९४५ या काळातील रुपयांत हे प्रमाण निम्म्यावर, ५० टक्क्यांवर आले. वजन तेच, चांदी मात्र ५.८३ ग्रॅम. विकायला जाणाऱ्याने सनाकडे पाहून एवढा हिशेब घरूनच करून निघावे. त्यापेक्षा कमी देऊ करणाऱ्या दुकानात फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

अडचण पुढे आहे. काट्याला सन कळत नाही. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. या रुपयावर राजाच्या झग्यावर कोरलेला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. मुस्लिम समाजाच्या भावना दुखावल्याने सरकारने नाणे थांबवले. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांतील सुमारे ७ लाखच बाहेर आले आणि उरलेले वितळवण्यात आले. १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारले. संग्राहक या 'डुकराच्या रुपया'ला साध्या रुपयाच्या कितीतरी पट किंमत देतात. मोडीच्या काट्यावर त्याला १९१८ च्या रुपयाइतकाच भाव मिळतो. षष्ठम जॉर्जचा १९३९ चा रुपया तर याहून दुर्मीळ. असे एखादे नाणे मोडीत गेले, तर विकणाऱ्याचे नुकसान होतेच. पण मुशीतून ते परतही येत नाही. २०२५ मध्ये चांदीने किलोला लाख रुपयांचा टप्पा मागे टाकला. भाव चढला, की पेट्या उघडतात आणि धोका वाढतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जुने म्हणजे दुर्मीळ, हा समज दुकानदाराच्या फायद्याचा असतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८४० हा सन आहे. पण तो सन गोठवलेला होता, त्यानंतरही वर्षानुवर्षे तेच साल घालून रुपये पाडले गेले. १८६२ चेही तसेच, ते साल १८७४ पर्यंत चालले. त्यामुळे 'पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे नाणे' म्हणून १८४० चा सर्वसाधारण, झिजलेला रुपया कोणी चढ्या भावाने पुढे करत असेल, तर त्याला नाण्याचे ज्ञान नाही किंवा ग्राहकाचे अज्ञान ठाऊक आहे. चांगला दुकानदार अशा वेळी "हा पुष्कळ मिळतो" असे आपणहून सांगतो.

बुऱ्हाणपूरचा रुपया

खानदेशातील दुकानाची खरी परीक्षा ब्रिटिश रुपयावर होत नाही, ती इथल्या नाण्यांवर होते. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी इतिहासात ते खानदेशची राजधानी. फारुकी सुलतानांची सत्ता आधी शिरपूर तालुक्यातील थाळनेरला होती, मग बुऱ्हाणपूरला. त्यांची नाणी फार थोडी मिळतात. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला. त्या विजयाप्रीत्यर्थ बहिरी ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहोर पाडली गेली, ती नाणेशास्त्रात प्रसिद्ध आहे. ती दुकानात मिळण्याची गोष्ट नव्हे, आणि कोणी देऊ केलीच तर तेथून पाय काढता घ्यावा. मिळतात ते जहांगीर, शाहजहान, औरंगजेब यांच्या काळातील बुऱ्हाणपूर टांकसाळीचे चांदीचे रुपये. मोगल काळात ही दख्खनची मोठी टांकसाळ होती.

या रुपयांवरील मजकूर फारसीत असतो. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर कधीच उतरत नाही. कोठे बादशहाचे नाव अर्धे राहते, कोठे टांकसाळीचे नाव कडेबाहेर जाते. 'बुऱ्हाणपूर' ही अक्षरे आणि सन स्पष्ट असतील, तर किंमत वाढते. दुकानात जाऊन एवढेच विचारावे, की या नाण्यावर टांकसाळ कोठे लिहिली आहे. ज्याला बोट ठेवून दाखवता येते, त्याच्याकडून घेण्यास हरकत नाही. "मोगल आहे, जुना आहे" एवढ्यावरच जो थांबतो, त्याच्याकडे चांदीच्या भावाशिवाय दुसरे काही नाही असे समजावे.

बऱ्याच मोगली रुपयांवर छिन्नीचे किंवा छोट्या ठशांचे घाव दिसतात. चांदी खरी आहे की आत तांबे आहे, हे पाहण्यासाठी त्या काळच्या सराफांनी मारलेल्या या खुणा. खुणा अधिक, तर संग्राहकाच्या लेखी किंमत कमी. पण ते नाणे बाजारातून फिरले आहे याची ती साक्ष असते. तीन शतकांपूर्वीचा सराफही नाणे पारखल्याशिवाय घेत नव्हता, हे आजच्या ग्राहकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

होळकरांच्या चांदवड टांकसाळीचा रुपया, मराठेशाहीतील तांब्याची शिवराई हीही या भागात सापडणारी नाणी. नवशिक्याने शिवराईपासून सुरवात करावी, हे बरे. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति', अक्षरे देवनागरी, किंमत आवाक्यात. अक्षरांच्या वळणांत इतके प्रकार आहेत, की शंभर शिवराया चाळल्या तरी कंटाळा येत नाही. शिवकालीन सोन्याच्या होनाच्या नकला मात्र बाजारात भरपूर आहेत; होन पहिल्या दहा वर्षांत घेऊच नये.

खोटे कसे ओळखावे

दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी चांदीची नाणी विकली जातात. त्यांत राणीछाप आणि राजाछाप रुपयांच्या नव्या नकलाही असतात. पूजेसाठी त्या ठीकच. पण दोन-तीन वर्षे देव्हाऱ्यात काळ्या पडल्या, की त्याच 'आजोबांच्या काळच्या' होतात आणि घरातल्या माणसांचीही फसगत होते. तेव्हा पहिली कसोटी वजनाची. "शेठ, जरा काट्यावर ठेवून दाखवा," असे म्हणताच ज्याच्या कपाळाला आठी पडते, तो दुकानदार आपला नव्हे. वापरातल्या रुपयाचे वजन झिजेमुळे थोडे कमी भरते, एक-दोन ग्रॅमचा फरक मात्र संशयास्पद. दुसरी कसोटी कडेची. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर जोडाची बारीक रेघ राहते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. अस्सल रुपयाच्या कडेवरील दाते एकसारखे असतात.

लोहचुंबकाची कसोटी अनेकांना माहीत असते, ती अर्धवट. चांदीला चुंबक ओढत नाही हे खरे. पण १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया निकेलचा आहे आणि तो चुंबकाला चिकटतो. म्हणून तो खोटा ठरत नाही. सनातील फेरफार ही आणखी एक युक्ती. १९१७ मधील शेवटचा ७ खरवडून त्याचा १ करता येतो. झग्यावरचा हत्ती मात्र बदलता येत नाही. भिंग खिशात असावे ते यासाठी.

सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी स्त्रिया चांदीच्या रुपयांच्या माळा घालत आल्या आहेत. त्यांतील नाणी अस्सल असतात, पण कडी डाकलेली किंवा भोक पाडलेले. संग्राहकाच्या लेखी अशा नाण्याची किंमत बरीच उतरते. कडी काढून, घासून, डाग बुजवून तेच नाणे अखंड म्हणून विकले जाण्याची शक्यता असते. वरच्या कडेला रंग वेगळा दिसला, तर विचारावे.

खरेदी पक्की झाली, की बिल मागावे आणि बिलावर नुसते 'जुने नाणे' न लिहिता राजा, टांकसाळ, सन, धातू आणि वजन लिहून घ्यावे. खोटे निघाल्यास परत घेण्याची हमीही त्यावरच असावी. जो दुकानदार हे लिहून देतो, तो चार पैसे जास्त घेत असला तरी स्वस्तच पडतो.

कायद्याची बाजू

शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे १९७२ च्या पुरातन वस्तूविषयक कायद्याच्या व्याख्येत येते. पुरातन वस्तूंचा विक्रीव्यवसाय करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतील भाच्याला भेट म्हणून मोगली रुपया पाठवण्याचा विचार सोडून द्यावा. दुकानदाराला परवान्याविषयी विचारण्यात संकोच बाळगू नये. शेतात नांगरताना किंवा घराचा पाया खणताना नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. "शेतात सापडली, गुपचूप घ्या" असे सांगत दारावर येणारा माणूस एकतर गुन्हा करत असतो किंवा पितळ विकत असतो. अनुभव असा, की बहुधा दुसरेच.

पाच-दहा रुपयांच्या चलनी नाण्याला लाखो रुपये मिळवून देण्याच्या जाहिराती हा त्याचाच नवा अवतार. आधी नोंदणी शुल्क मागितले जाते, मग कर, मग आणखी काही. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून अशा व्यवहारांशी आपला संबंध नसल्याचे आणि कोणालाही असे शुल्क घेण्याचा अधिकार दिलेला नसल्याचे स्पष्ट केले होते.

क्रिकेटची कार्डे आणि तिकिटे

नाण्यांच्या दुकानात अलीकडे आणखी एक गिऱ्हाईक डोकावते. लहानपणी 'बिग फन' बबलगममधील क्रिकेटपटूंची चित्रे जमवलेली पिढी आता कमावती आहे आणि ती चित्रे पुन्हा शोधते आहे. अमेरिकेत खेळाडूंच्या कार्डांसाठी खास दुकाने असतात. १९५२ चे मिकी मँटल या बेसबॉलपटूचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. आपल्याकडील बबलगमच्या चित्रांना असा ठरलेला भाव नाही, त्यामुळे मागेल ती किंमत देऊ नये. रद्दीवाले आणि जुनी जनरल स्टोअर्स येथे चौकशी करणे अधिक फायद्याचे.

खेळाची आवड असणाऱ्यांना टपाल तिकिटांचा मार्ग सोपा आहे. १९७१ च्या क्रिकेट विजयांवरील २० पैशांचे तिकीट, १९९६ मधील देवधर, सी. के. नायडू, विजय मर्चंट आणि विनू मंकड यांच्यावरील चार तिकिटे, सचिन तेंडुलकरच्या दोनशेव्या कसोटीनिमित्त १४ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेली तिकिटे, एवढ्यावरही एक छान पान तयार होते. ही तिकिटे दुर्मीळ नाहीत. मागील बाजूचा गोंद शाबूत आणि दाते अखंड असलेलीच घ्यावीत.

डोळा तयार करण्यासाठी

दुकानात जाण्यापूर्वी अस्सल वस्तू पाहिलेली असावी. धुळ्यात १९२७ मध्ये स्थापन झालेल्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात खानदेशच्या इतिहासाची साधने आहेत. नाशिकजवळ अंजनेरीचे नाणेशास्त्र संशोधन केंद्र अभ्यासकांना परिचित आहे. पुण्यातील 'कॉइनेक्स'सारख्या प्रदर्शनांत एका छताखाली अनेक विक्रेते बसतात; तेथे एक दिवस नुसते हिंडून भाव टिपून आणले, तरी परतल्यावर जळगावच्या किंवा धुळ्याच्या दुकानात घासाघीस कशावर करायची ते कळते.

घेतलेले नाणे घरी आल्यावर चिंच, राख वा पावडर लावून चकचकीत करू नये. काळसर थर हा नाण्याचा भाग आहे. तो गेला, की किंमतही जाते. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर काही वर्षांनी हिरवट चिकट थर येतो. कागदी पाकिटे त्यापेक्षा बरी, आणि त्यांवर कोठून, कधी, कितीला घेतले ते पेन्सिलीने लिहिता येते.