केळी, दूध, लिंबू आणि दोन भाकऱ्या

रांधलेले अन्न निःसत्त्व असते, कच्चे अन्न तेवढे सजीव, आणि त्याच्याच बळावर धावावे, पोहावे, डोंगर चढावेत, असा एक पंथ आज शहरांतून दिसतो. हा विचार परदेशातून नुकताच आला, असा पुष्कळांचा समज आहे. या विचाराचा मराठी पूर्वेतिहास शोधू लागलो, तेव्हा आम्ही पेण तालुक्यातील गागोदे या खेड्याशी येऊन थांबलो.

पेण-रोहे या पट्ट्याने गीतेचे दोन थोर व्याख्याते दिले. विनोबा भावे गागोद्याचे (जन्म 1895), तर पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे (जन्म 1920). येथे मात्र विनोबांच्या गीतेचा नव्हे, त्यांच्या देहाचा विचार करावयाचा आहे. गागोद्याच्या घरात आहाराला आधीच नैतिक अर्थ होता. आजोबा शंभुराव चांद्रायण करीत. चंद्राच्या कलेबरोबर घास वाढवायचे आणि उतरवायचे. घरचा फणस पिकला की आई आधी शेजाऱ्यांकडे वाटून येण्यास सांगे, मग मुलांच्या हाती गरे पडत. किती खावे हे एकाने शिकवले, कोणाच्या आधी खाऊ नये हे दुसरीने.

विनायक 1916 च्या जूनमध्ये गांधीजींच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. पुढच्याच वर्षी एका वर्षाची रजा घेऊन तो वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी वेदान्त शिकण्यास गेला. फेब्रुवारी 1918 मध्ये त्याने गांधीजींना या वर्षाचा हिशेब पत्राने कळवला. उपनिषदे, गीता आणि शांकरभाष्य यांच्या पंक्तीलाच या पत्रात शरीर बसले आहे. प्रकृती सुधारण्यासाठी आरंभी रोज दहा-बारा मैल चालणे, पुढे सहा-आठ शेर धान्य दळणे, आणि पत्र लिहितेवेळी तीनशे सूर्यनमस्कार व फिरणे, असा व्यायामाचा क्रम आहे. शिवाय सुमारे चारशे मैलांचा पायी प्रवास करून रायगड, सिंहगड, तोरणा हे किल्ले पाहिल्याची नोंद आहे. रायगड त्याच्या जन्मजिल्ह्यातलाच. तो जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. 1981 मध्ये त्याने या किल्ल्याचे नाव घेतले.

आता आहार. मसाले नाहीतच, मीठ सहा महिन्यांनी सुटले. दूध सोडता येईल का, याचीही चाचपणी झाली. ते सुटेना. मग एक महिना केवळ केळी, दूध आणि लिंबू. आजच्या अपक्वाहारी व्यायामपटूने हे वाक्य मान डोलावून वाचावे, आणि पुढच्या वाक्याशी अडखळावे. कारण या महिन्याने शक्ती घटली, असे विनायक लिहितो. पत्र लिहिताना त्याचा रोजचा आहार साठ तोळे दूध, वीस तोळे ज्वारीच्या दोन भाकऱ्या, चार-पाच केळी आणि मिळाल्यास एक लिंबू असा होता. भाकरी, म्हणजेच चूल, परत आली होती. एवढ्यावरही हा आहार चैनीचा तर नाही ना, ही शंका त्याला छळत होती. त्याने रोजचा खर्च मांडून गांधीजींचा सल्ला विचारला.

पत्र वाचून गांधीजींनी गोरखाने मच्छिंद्राला हरवले असे म्हटले आणि या तरुणाला भीम ठरवले, हे प्रसिद्धच आहे. या उद्गाराला एक पार्श्वभूमी आहे. स्वतः गांधीजींनी 1893 मध्ये प्रिटोरियात न रांधलेल्या अन्नाचा प्रयोग केला आणि थोड्याच दिवसांत अशक्तपणामुळे सोडला. पुढे 1929 च्या मे महिन्यात भिजवून मोड आणलेला गहू, वाटलेले बदाम, कच्ची भाजी यांवर राहण्याचा प्रयोग त्यांनी पुन्हा आरंभला. 'यंग इंडिया'त त्याविषयी लिहिले, आणि ऑगस्टमध्ये आव झाल्यावर तो थांबवला. या बाबतीत गुरूने शिष्याच्या आधीच ठेच खाल्ली होती.

विनोबांनी अल्पाहार सोडला नाही. 1938 मध्ये वजन सुमारे 88 पौंडांवर आले, तेव्हा ते पवनारला राहण्यास गेले. तेथे आश्रमाच्या कामाची चिंता मनातून सोडून आणि थोडे थोडे खणत ते सावरले. 1951 ते 1964 ही भूदानाची पदयात्रा त्यांनी प्रामुख्याने दूध-दह्यासारख्या हलक्या आहारावर, पोटाच्या व्रणासह केली. म्हणून कच्च्या अन्नावर बळ टिकत नाही, असा सरसकट निष्कर्ष एका तरुणाच्या एका महिन्यावरून काढणे आम्हांला मान्य नाही. त्या पत्राचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे.

आहाराविषयीचे आजचे बहुतेक लेखन साक्षात्काराच्या शैलीत असते. आधी रोग, मग मार्ग, मग तेजस्वी देह. फसलेला महिना त्यात नसतो. बावीस वर्षांच्या या विद्यार्थ्याला तर गुरूची शाबासकी हवी होती, आणि त्याग जितका मोठा दिसेल तितकी ती मिळण्याचा संभव अधिक. तरीही त्याने घटलेली शक्ती लिहिली आणि तोळ्यांत मोजून ज्वारीही लिहिली. आत्मपर गद्याचे शिक्षक विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणाचा वस्तुपाठ शोधत असतील, तर हे पत्र पुरेसे आहे. भीम सर्वांच्या लक्षात राहतो. त्या दोन भाकऱ्याही राहाव्यात, एवढीच आमची अपेक्षा.